हेकट भक्त, मनमिळाऊ भक्त

इंग्लंडमधल्या वाँटेज या छोट्या गावात 29 सप्टेंबर 1883 रोजी पंडिता रमाबाईंनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. या बातमीने पुण्यात जो गदारोळ उडाला तो मराठी वाचकाला ठाऊक आहे. वाँटेजच्या मठात त्यानंतर जे सुरू झाले ते तितके ठाऊक नाही. ज्या अँग्लिकन भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, धर्मशिक्षण दिले, त्यांना वर्ष-दोन वर्षांत कळून चुकले की ही बाई ख्रिस्ती झाली, पण आज्ञाधारक काही झाली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारायला रमाबाई तयार नव्हत्या. बिशपांचा शब्द त्यांना अखेरचा वाटत नव्हता. पुडिंगात अंडे असेल तर त्या ते खात नसत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकवू लागल्यावर त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको असा सल्ला दिला. माझ्या कामाचा निर्णय या मंडळींनी का घ्यावा, म्हणून रमाबाई उसळल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डीनला त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, आणि याच आजीबाईंना त्यांनी बजावून कळवले की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, ते दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे.

जेराल्डीनबाईंनी या दुखण्याचे निदान एका शब्दात केले होते: गर्व. त्यांच्या दृष्टीने श्रद्धा म्हणजे आधी नम्रता, मग बाकीचे. रमाबाईंच्या दृष्टीने श्रद्धा म्हणजे आपल्या बुद्धीने आणि सदसद्विवेकाने पटवून घेतलेली गोष्ट. दोघींचा देव एक, ग्रंथ एक, प्रार्थनेची पुस्तिका एक. स्वभाव मात्र दोन टोकांचे.

हे भांडण आज आठवायचे कारण असे की गेली शंभर-सव्वाशे वर्षे मानसशास्त्र याच प्रश्नाभोवती घुटमळते आहे. श्रद्धावान माणसाचा काही ठरावीक स्वभाव असतो का? विशिष्ट घडणीचीच माणसे चर्चकडे ओढली जातात का? या प्रश्नाचे बहुतेक उत्तर ख्रिस्ती माणसांच्या अभ्यासातून आले आहे, कारण हे शास्त्र वाढले ते युरोप-अमेरिकेत आणि त्याच्या प्रश्नावल्या भरून देणारी माणसेही तिथलीच.

सध्या मानसशास्त्रज्ञ स्वभावाची मोजणी ‘बिग फाइव्ह’ म्हणजे पाच मोठ्या गुणांच्या फुटपट्टीने करतात: मनाचा खुलेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्वस्थता. बेल्जियममधल्या लुव्हाँ विद्यापीठाचे व्हासिलिस सारोग्लू यांनी 2010 मध्ये 19 देशांतल्या 71 पाहण्यांचे आकडे एकत्र मांडले. माणसे एकवीस हजारांवर, बहुसंख्य ख्रिस्ती. निष्कर्ष सुटसुटीत निघाला. धार्मिक माणसे इतरांपेक्षा थोडी अधिक मनमिळाऊ आणि थोडी अधिक काटेकोर असतात. बहिर्मुखतेचा आणि अस्वस्थतेचा श्रद्धेशी सांगण्यासारखा संबंध नाही. खुलेपणाचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे: कर्मठ श्रद्धेशी त्याचे वाकडे, मोकळ्या आध्यात्मिकतेशी सख्य.

त्याच्या आधी ब्रिटनमध्ये लेस्ली फ्रान्सिस या गृहस्थांनी हाच शोध वेगळ्या वाटेने चालवला होता. हे स्वतः अँग्लिकन धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञही. 1978 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माबद्दलचा कल मोजणारी 24 विधानांची प्रश्नावली तयार केली. येशू, बायबल, प्रार्थना, चर्च यांविषयी मुलांना काय वाटते ते विचारणारी. ती त्यांनी हान्स आयझेंकच्या त्रिगुणी स्वभावमापनाशी ताडून पाहिली. आयझेंकच्या तीन मापांतले एक ‘सायकोटिसिझम’ नावाचे आहे. नाव भयंकर असले तरी त्यात मुख्यतः मोजला जातो तो मनाचा कठोरपणा, बेफिकिरी, नियम न जुमानण्याची वृत्ती. फ्रान्सिसना पुन्हा पुन्हा एकच आढळले: हे माप जितके कमी तितका ख्रिस्ती धर्माकडे ओढा जास्त. थोडक्यात, कोमल मनाची, शिस्तीतली मुले चर्चच्या बाजूला आणि दांडगट मुले बाहेर.

दोन वेगळ्या फुटपट्ट्या, उत्तर जवळपास एकच. मग जेराल्डीनबाईच बरोबर होत्या म्हणायच्या?

घाई नको. आधी या संबंधाचा आकार पाहू. सारोग्लूंच्या आकडेवारीत मनमिळाऊपणा आणि धार्मिकता यांच्यातला सहसंबंध 0.2 च्या आसपास आहे. संख्याशास्त्राच्या हिशेबात याचा अर्थ असा की माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या फरकापैकी सुमारे चार टक्के या गुणाशी जोडता येतो. उरलेला शहाण्णव टक्के फरक दुसरीकडे शोधायचा. मानसशास्त्रात एवढ्या आकड्यालाही मान मिळतो, आणि तो मिळावाही, कारण तो वारंवार आढळतो. पण एखाद्या मंडळीत रविवारी बाकांवर बसलेल्या लोकांकडे बघून त्यावरून काही भाकीत करायला जाल तर फजिती ठरलेली.

दुसरी अडचण प्रश्नावलीतच दडलेली आहे. ‘मी इतरांच्या मदतीला धावतो’, ‘मी दिलेला शब्द पाळतो’ असली वाक्ये समोर ठेवून ‘होय की नाही’ विचारले तर लहानपणापासून दर रविवारी हेच ऐकत आलेला माणूस काय उत्तर देईल? तो खोटे बोलतो असे नाही. त्याला जसे व्हायचे आहे तसाच तो स्वतःला दिसतो. कॉन्स्टंटाइन सेडिकिडिस आणि योखेन गेबाउअर यांनी 2010 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसले की धार्मिक माणसे समाजाला आवडेल असे उत्तर देण्याकडे जास्त झुकतात. त्यातही गंमत अशी की अमेरिकेत, जिथे धार्मिक असणे हे भलेपणाचे लक्षण मानले जाते, तिथे हा कल अधिक. ब्रिटन आणि कॅनडात कमी. म्हणजे मोजले जात होते ते केवळ श्रद्धेचे फळ नव्हते. भोवतालच्या लोकांत श्रद्धेची पत किती, हेही त्यात मिसळलेले होते.

हा धागा गेबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. त्यांनी वेगवेगळ्या देशांतली प्रचंड माहिती तपासली आणि विचारले, मनमिळाऊ माणूस धार्मिक असतो हे सगळीकडे सारखेच खरे आहे का? नाही. ज्या समाजात धर्म ही सर्वसाधारण गोष्ट आहे, तिथे मनमिळाऊ आणि काटेकोर माणसे ठळकपणे धार्मिक असतात आणि मोकळ्या मनाची माणसे धर्मापासून लांब. ज्या समाजातून धर्म ओसरला आहे तिथे हे संबंधही ओसरतात. त्यांचे स्पष्टीकरण साधे आहे. मनमिळाऊ माणसाला चारचौघांसारखे राहायला आवडते. चारचौघे चर्चला जात असतील तर तोही जातो. खुल्या मनाच्या माणसाला चारचौघांहून वेगळे काही बघायचे असते. चारचौघे चर्चला जात असतील तर तो दुसरीकडे वळतो.

या लेखाचे म्हणणे इथूनच सुरू होते. अभ्यासकांना सापडलेला ‘ख्रिस्ती स्वभाव’ हा बराचसा ख्रिस्ती बहुसंख्येचा स्वभाव आहे. वडिलोपार्जित श्रद्धा सांभाळणाऱ्याचा. श्रद्धा जर घराच्या उंबरठ्यापलीकडे असेल तर तिच्यापर्यंत पोचायला नेमका उलटा स्वभाव लागतो. आणि हे तपासायला एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राइतकी चांगली जागा क्वचित सापडेल.

त्या काळात उच्चवर्णीय माणसाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय होते? जातीतून बहिष्कार, घरात सुतक, बायको माहेरी, आईवडिलांच्या दृष्टीने जिवंतपणी मेलेला मुलगा. धर्मांतर केले म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी सरकारला 1850 साली कायदा करावा लागला, यावरूनच परिस्थितीची कल्पना येते. ही किंमत मोजायला कोण पुढे येईल? शेजाऱ्यांचे मन न दुखवणारा, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा, घडी न मोडणारा माणूस नक्कीच नव्हे. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. त्याआधी ते जातिभेद मोडू पाहणाऱ्या गुप्त परमहंस सभेच्या वर्तुळात वावरत होते. बंडखोरी आधी, बाप्तिस्मा मागून. रमाबाईंचेही तसेच. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले, तरी शास्त्रांत स्त्रियांविषयी जे सापडले ते त्यांना मानवले नाही. मग बंगाली शूद्र मानल्या गेलेल्या कुळातल्या वकिलाशी लग्न, वैधव्य आल्यावर पुण्यात आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष. ख्रिस्ती होण्यापूर्वीच त्या अनेक दारांतून बाहेर पडल्या होत्या. लुव्हाँची फुटपट्टी लावली तर या सगळ्यांचे खुलेपणाचे गुण वर आणि मनमिळाऊपणाचे खाली जातील. आकडेवारीनुसार ज्यांनी चर्चच्या बाहेर असायला हवे, तेच आत शिरले.

युरोपातही एकेकाळी असेच घडले होते. 1517 नंतरच्या जर्मनीत ल्यूथरच्या मागे जाणे हे उंबरठा ओलांडणे होते. शंभर वर्षांनी त्याच गावात ल्यूथरपंथी असणे म्हणजे उंबरठ्याच्या आत राहणे. सिद्धान्त तोच, माणसे मात्र दुसऱ्या घडणीची.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे पंडित, कवी, कादंबरीकार मिळून किती? मराठी ख्रिस्ती समाज काही त्यांच्यापासून तयार झालेला नाही. हे खरेच आहे. अहमदनगर जिल्ह्यात 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर आणि पुढच्या दशकांत बाप्तिस्मा घेणारे मुख्यतः महार आणि मांग समाजातले होते, आणि ते एकेकटे आले नाहीत. कुटुंबे आली, भावकी आली, कधी अख्खा वाडा आला. निर्णय वडीलधाऱ्यांनी बसून घेतला. त्यामागे भूक होती, शाळा होती, गावाने नाकारलेली माणुसकी होती आणि ती कुणीतरी देऊ करत आहे याचा अनुभव होता. मिशनरींच्या नोंदींतही आणि मराठी टीकाकारांच्या लेखांतही या लोकांचा विचार बहुधा घाऊक झाला. ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हा शेरा मारणाऱ्यांनी पोट भरलेले असताना तो मारला होता. पण आपल्या प्रश्नापुरते बोलायचे तर अशा सामूहिक धर्मांतरात एकेकाच्या स्वभावाला जवळजवळ काम उरत नाही. मनमिळाऊ आला, भांडकुदळ आला, धांदरट आला, काटेकोरही आला. वसई आणि गोव्याची गोष्ट तर त्याहून जुनी, सोळाव्या शतकातली. तिथल्या आजच्या श्रद्धावंताने धर्म निवडलेला नाही, तो धर्मात जन्मलेला आहे.

जन्मलेल्यांच्या बाबतीत स्वभाव केव्हा डोके वर काढतो याचा एक लक्षणीय पुरावा मिनेसोटातल्या जुळ्यांच्या अभ्यासातून मिळतो. लॉरा केनिग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रौढ जुळ्यांना दोन गोष्टी विचारल्या: लहानपणी किती धार्मिक होता आणि आता किती आहात. बालपणीच्या धार्मिकतेतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा 12 टक्के निघाला. प्रौढपणीच्या धार्मिकतेत 44 टक्के. सोप्या भाषेत, मूल घरात असते तोवर आईवडील चर्चला नेतात म्हणून ते जाते. घर सुटले की हळूहळू त्याच्या मूळ घडणीला वाव मिळतो. आणि ही घडण ठरवते ती श्रद्धेची तीव्रता. माणूस कॅथलिक की मेथडिस्ट, हे रक्तातून येत नाही; ते घराणे आणि गावच ठरवते.

कॅलिफोर्नियात 1921 मध्ये लुइस टर्मनने हुशार मुलांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यातल्या आकड्यांवरून पुढे असेही दिसले की लहानपणी पालक-शिक्षकांनी ज्यांना काटेकोर ठरवले होते, ती मुले तरुणपणी अधिक धार्मिक निघाली. म्हणजे चर्चमुळे माणूस शिस्तीचा होतो असे सरसकट म्हणता येत नाही. शिस्तीचा माणूस चर्चमध्ये टिकतो, हेही तितकेच खरे.

आता प्रश्न थोडा बदलून विचारू. माणूस विश्वास ठेवतो की नाही, हे स्वभावावरून फारसे कळत नसेल, तर तो विश्वास कसा ठेवतो हे तरी कळते का? इथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन तत्त्वज्ञ आजच्या आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जातो. विल्यम जेम्स याने 1901 आणि 1902 मध्ये एडिंबरोला दिलेली व्याख्याने ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपिरियन्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्याने श्रद्धावंतांचे दोन प्रकार मांडले. पहिला निरोगी मनाचा, एकदाच जन्मलेला: जग त्याला मुळातच चांगले वाटते, देवाशी त्याचे कधी बिनसलेलेच नसते. दुसरा व्याकूळ जिवाचा, दोनदा जन्मणारा: त्याला आधी जगातले आणि स्वतःतले सगळे सडलेले दिसते, मग त्या अंधारातून त्याला बाहेर काढले जाते. पहिल्यासाठी जेम्सने व्हिटमनकडे बोट दाखवले, दुसऱ्यासाठी बनयन आणि टॉलस्टॉयकडे. दुसऱ्या प्रकाराची ओढ त्याला घरातूनच होती. व्याख्यानात एका अनाम फ्रेंच माणसाच्या नावावर सांगितलेला भीषण अनुभव त्याचा स्वतःचाच होता.

व्याकूळ जीव बघायचा तर मराठी ख्रिस्ती इतिहासात नीळकंठशास्त्री गोऱ्हे आहेत. झाशीजवळ जन्म, काशीत वाढलेले, चित्पावन, शास्त्रपारंगत. ऐन विशीत त्यांनी जॉन म्युरच्या ख्रिस्ती ग्रंथाचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि खंडन करता करता त्यांनाच शंका येऊ लागल्या. 1848 मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. शंका मात्र त्यांच्याबरोबरच ख्रिस्ती झाल्या. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचा धुव्वा उडवणारा हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या विश्वासाबद्दल साशंक राहिला. एका पंथाकडून दुसऱ्याकडे सरकत तो कौली फादर्सच्या संघापर्यंत पोचला, पण तिथलीही अंतिम शपथ त्याने कधी घेतली नाही. ही वेदना बौद्धिक होती असे म्हणून भागत नाही. ल्यूथर भिक्षू असताना तासन् तास पापे कबूल करीत बसे आणि त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्स वैतागून जात. तीच ही जात. रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती विचाराबद्दल विश्वास रुजवण्यात गोऱ्ह्यांचा मोठा हात होता. स्वतः सदैव शंकेत असलेला माणूस दुसऱ्याला खात्री देऊ शकतो, ही गोष्ट कुठल्या प्रश्नावलीत पकडायची?

मराठीत म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. ख्रिस्ती धर्माचा दावा नेमका उलट आहे: ख्रिस्ताच्या ठायी आलेला माणूस नवा होतो. या दोन्हींतले खरे काय, याचा शोध रेमंड पालुट्झियन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये घेतला. धर्मांतरावरचे संशोधन तपासून त्यांनी सांगितले की माणसाची ध्येये, मूल्ये, आयुष्याचा अर्थ, वागण्याच्या सवयी यांत मोठे बदल होतात. मूळ स्वभावगुण मात्र फारसे हलत नाहीत. म्हण आणि शुभवर्तमान, दोघांनाही अर्धे अर्धे गुण.

हा निष्कर्ष वाचताना ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला हसू येईल. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या नवऱ्याचे जे चित्र काढले आहे त्यात बाप्तिस्म्याची रेघ शोधावी लागते. नारायण वामन टिळक आधीही तापट, उदार, उडाणटप्पू. खिशातले पैसे बाहेर पडल्यावर कुठे जातील याचा भरवसा नाही, आणि स्वतः घरातून बाहेर पडल्यावर कुठे जातील याचाही नाही. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही ते तापट, उदार आणि उडाणटप्पूच राहिले. बदलले ते या गुणांचे धनी. जो उतावळेपणा पूर्वी नोकऱ्या सोडायला लावी, तोच आता अभंग लिहायला, अनाथांना घरी आणायला, प्लेगच्या रोग्यांत जायला लावू लागला. आणि 1917 मध्ये त्याच स्वभावाने त्यांना मिशनची नोकरीही सोडायला लावली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ज्यात बसू शकतील तो ‘देवाचा दरबार’ त्यांनी काढला. मिशनच्या चौकटीत न मावणारा हा माणूस आधी ब्राह्मण्याच्याही चौकटीत मावला नव्हता.

लक्ष्मीबाईंचा रस्ता निराळा. त्यांच्या वडिलांना सोवळ्याने असे झपाटले होते की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. 1857 च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झालेली, त्या धक्क्यातून हे वेड लागलेले. असल्या घरात वाढलेली मुलगी नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे वेगळी राहिली, मग परत आली तीही आपले सोवळे बरोबर घेऊन, आपला स्वयंपाक आपण करीत. तिच्या बाबतीत सिद्धान्त पुढे नव्हता. आधी जात सुटली, तीही वाद हरल्याने नव्हे. माणसांत राहता राहता विटाळाची भीती ओसरली म्हणून. 1900 मध्ये बाप्तिस्मा मागून आला. टिळकांचा विश्वास विजेसारखा पडला, लक्ष्मीबाईंचा मुरंब्यासारखा मुरला. एका छपराखालची दोन माणसे, एकच धर्म, आणि त्यात शिरायची दारे इतकी लांब लांब. जेम्सच्या दोन खणांत लक्ष्मीबाईंना बसवायचे ठरवले तर पहिला खण जवळचा. पण निरोगी मनाच्या माणसांना जेम्सने थोडे उथळ मानले होते आणि लक्ष्मीबाईंना उथळ म्हणायची हिंमत करावी अशी कुणाची बिशाद नाही.

स्वभाव पवित्र ग्रंथाने बदलत नसेल, तर निदान वागणे तरी बदलते का? 1973 मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या चर्चेत टाळता येत नाही. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातले, पाळक होण्याच्या वाटेवर असलेले 40 विद्यार्थी. काहींना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलायला सांगितले, काहींना नोकरीच्या संधींवर. बोलायची जागा शेजारच्या इमारतीत. वाटेत गल्लीत एक माणूस वाकून बसलेला, खोकत, कण्हत. अर्थातच मुद्दाम बसवलेला. कोण थांबेल? स्वभावाच्या आणि श्रद्धेच्या प्रश्नावल्यांवरून ते सांगता आले नाही. डोक्यात दाखला होता की नोकरी, यानेही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. वेळ हाताशी असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी 10 टक्के. त्यांतले काही तर वाटेवर जखमी माणसाला ओलांडून जाणाऱ्या याजकाची गोष्ट सांगायला निघालेले भावी याजक. शुभवर्तमानात हा दाखला लिहिणाऱ्या लूकला हे नक्की कळले असते.

या प्रयोगातला कमी सांगितला जाणारा भाग आपल्या कामाचा आहे. जे थांबले त्यांच्या मदतीची तऱ्हा मात्र त्यांच्या श्रद्धेच्या तऱ्हेशी जुळत होती. काहीजण त्या माणसाला काय हवे ते ऐकून घेत होते. काहीजण त्याला ऐकूनच घ्यायला तयार नव्हते. आपण ठरवलेली मदत करूनच ते जाणार होते. थांबणार की नाही हे परिस्थितीने ठरवले, थांबल्यावर कसे वागणार हे माणसाच्या घडणीने.

चर्चच्या आतही घडणींची टक्कर चालूच असते. लेस्ली फ्रान्सिस यांनी पुढे इंग्लंडमधल्या अँग्लिकन पाळकांचे स्वभाव मायर्स-ब्रिग्ज पद्धतीने तपासले. ही पद्धत शास्त्रीय कसोटीला जरा कच्चीच, पण चित्र बोलके आहे. पाळकांत अंतर्मुख माणसे जास्त, कल्पना आणि शक्यतांत रमणारी जास्त. बाकांवर बसणारी मंडळी बहुतांशी हातात धरता येईल अशा गोष्टींवर विसंबणारी: ठरलेली वेळ, ठरलेले गीत, आजोबा बसायचे तोच बाक. रविवारी दारात उभे राहून सगळ्यांशी हस्तांदोलन करणारा, लग्ने-मर्तिके सांभाळणारा, समित्यांत बसणारा माणूस मनातून एकांत शोधणारा असतो, आणि त्याच्या नव्या कल्पना ऐकणाऱ्यांना जुनेच हवे असते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही देवळाच्या विश्वस्तांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

वाँटेजचे भांडण या प्रकाशात पाहिले तर जेराल्डीनबाईंवर अन्याय होऊ नये. ज्या देशात सगळेच ख्रिस्ती, तिथे नम्रता आणि आज्ञापालन हीच भक्तीची खूण होती. त्यांच्यासमोर मात्र अशी बाई आली होती जिला ख्रिस्ती होण्यासाठीच आज्ञा मोडावी लागली होती. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती सवय धुऊन निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती निघाली नाही, आणि निघाली असती तर 1889 मध्ये स्त्रियांसाठीचे शारदा सदन आणि नंतर केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले असते का, हा प्रश्नच आहे.

रमाबाईंचे विचार मात्र पुढे पुष्कळ बदलले. 1891 च्या सुमारास त्यांना नव्याने आध्यात्मिक अनुभव आला. तरुणपणी त्रैक्यावर वाद घालणारी बाई उतारवयात बायबलच्या शब्दाला घट्ट धरून बसली. 1905 मध्ये मुक्तीत प्रार्थनेची लाट आली, मुली रात्र रात्र रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांना थोपवायला रमाबाई धावल्या नाहीत. हे बघून त्यांचे सुधारक मित्र हळहळले.

पण त्याच वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे नवे मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. मिशनरी मंडळांनी मान्य केलेले मराठी बायबल उपलब्ध होते; ते त्यांना चालत नव्हते. त्यातली मराठी फार संस्कृत, साध्या बायकांच्या डोक्यावरून जाणारी, आणि शब्दाशब्दाला जुन्या दर्शनांचा वास येणारी, असे त्यांचे म्हणणे. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणारी हीच ती बाई, आता संस्कृत शब्द एकेक करून वेचून बाहेर काढत होती. चर्चच्या समितीने मंजूर केलेली अक्षरे तिला तेव्हाही पसंत नव्हती आणि आताही नव्हती. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच मुली तिच्या मजकुराचे खिळे जुळवत होत्या.